कोरडी नाव

खळाळत्या नदीत उघडी नाव घालणं हा मुळातच आडमुठेपणा आहे. त्याच पाण्यातून उतरायला सोपी साधनं केव्हाचीच आली आहेत. कयाक वरून बंद असते. कमरेभोवती रबरी झालर ताणून बसवली की लाट अंगावरून निघून जाते, आत थेंब येत नाही. उलटली तरी बसल्या जागी गिरकी घेऊन सरळ होता येतं. फुगवलेल्या राफ्टच्या तळाला भोकं असतात, आलेलं पाणी आपसूक बाहेर पडतं. कनू मात्र वरून सताड उघडी. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये पोकळ, एका पात्याचं वल्हं आणि गुडघ्यांवर बसलेला माणूस, एवढाच सगळा संसार. पाणी आत यायला चारी बाजू मोकळ्या आणि बाहेर जायला एकही वाट नाही.

तरीही काही माणसं हट्टाने हीच नाव घेऊन रॅपिडमध्ये शिरतात. अमेरिकेच्या आग्नेय भागात, अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला, या मंडळींचा जुना अड्डा आहे. नान्टाहाला, ओकोई, चट्टूगा या तिथल्या नद्या. मी अटलांटात राहते. शनिवारी पहाटे निघून रात्री घरी परतता येईल इतक्याच त्या लांब. सांगलीत कृष्णेकाठी वाढलेल्या बाईला पाण्याचं वेड नवं नव्हतं. पण आमच्याकडे पाण्याचं वेड म्हणजे पुरात आयर्विन पुलावरून उड्या टाकणारी पोरं, आणि पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती. दोन्हीत छाती आणि दंड. इथे पाण्याशी वागायची दुसरीच तऱ्हा पाहायला मिळाली, जिच्यात पराक्रम जितका कमी दिसेल तितकं कसब मोठं मानतात. मला ती पटली. वय वाढतंय म्हणून पटली असेल, तसंही असू दे.

उघड्या नावेत प्रत्येक चूक पाण्याच्या रूपाने आत येऊन बसते. लाटेला जरा तिरकं भिडलात, घ्या दोन तांबे. वेगाच्या भरात पुढचं टोक लाटेत खुपसलंत, घ्या बादली. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो हे शाळेत पाठ केलेलं असतं. गुडघ्यांभोवती वीतभर पाणी साचलं की ते मांड्यांना कळतं. एव्हाना एका थोराड माणसाच्या वजनाचा प्रवासी नावेत येऊन बसलेला असतो आणि तो स्वस्थही बसत नाही. काठोकाठ भरलेली परात उचलून चालताना पाणी ज्या बाजूला कलतं त्याच बाजूला धावतं आणि हाताला आणखी खाली ओढतं, अगदी तसंच. नाव किंचित डावीकडे झुकली की आतलं सगळं पाणी डावीकडे येतं, मग ती आणखी झुकते, आणि तिला सावरायला जो जोर लागेल तो तुमच्याजवळ उरलेला नसतो. पहिल्या धोंड्याजवळ केलेल्या आळसाची शिक्षा तिसऱ्या धोंड्याजवळ मिळते. कयाकमध्ये चूक झाली की ती तिथेच धुऊन जाते. कनूमध्ये ती सोबत वाहून न्यावी लागते.

म्हणून या लोकांच्या गप्पांत कौतुकाचा सर्वांत मोठा शब्द ‘कोरडा’ असा आहे. अमकी वरपासून खालपर्यंत कोरडी उतरली, असं म्हणतात आणि बाकीचे माना डोलावतात. कोरडं उतरायचं तर नदीतल्या सर्वांत मोठ्या लाटांच्या रांगेतून जायचं नाही. तिच्या कडेकडेने, जिथे पाणी वेगात पण सपाट आहे तिथून सरकायचं. लाट टाळता येणारच नसेल तर वेग कमी करायचा. नवशिक्याला हे उफराटं वाटतं, कारण धडधडतं पाणी दिसलं की हात आपोआप जोरात चालू लागतात. पण उलटं वल्हं मारून नाव प्रवाहापेक्षा संथ ठेवली तर पुढच्या टोकाला लाटेवर चढायला वेळ मिळतो. घाईने गेलेली नाव लाट फोडून जाते आणि फोडलेली लाट मांडीवर येऊन पडते.

तरीही पाणी येतंच. त्यासाठी नावेच्या दोन्ही टोकांना हवेच्या मोठ्या पिशव्या दोरीच्या जाळीखाली आवळून बसवलेल्या असतात. हवेने अडवलेल्या जागेत पाणी शिरत नाही, आणि नाव उलटली तरी वर तरंगत राहते, त्यामुळे धोंड्यात अडकून चेपण्याचा धोका कमी होतो. उरलेलं पाणी उपसायला दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन तिरका कापून त्याचं डोणं करतात. आताशा बरेच जण बॅटरीवरचा छोटा पंप बसवून घेतात. जुनी खोडं त्याला नाकं मुरडतात. माझं विचाराल तर पंप असावा, पण पहिली दोन वर्षं नसावा. उपसायचा कंटाळा हा फार चांगला शिक्षक आहे.

बसायचं वज्रासनात. नावेच्या मधोमध फोमचं खोगीर चिकटवलेलं असतं, त्यावर बैठक, दोन्ही गुडघे तळाच्या कडांपर्यंत फाकवलेले आणि मांड्यांवरून आवळपट्टे. गुडघे तळाला टेकले की अंगाचं वजन खाली येतं आणि कमरेखालून नाव कलवता येते. डावा गुडघा दाबला की डावी कड खाली, उजवा दाबला की उजवी. इथल्या लोकांना ही बैठक फार जड जाते, घोटे आखडतात. लहानपणी पंगतीत मांडी घालून बसलेल्यांना सोपी जाईल असा माझा होरा होता. जातेही, साधारण वीस मिनिटं. त्यानंतर पायाला मुंग्या येण्याच्या बाबतीत सर्व मानवजात समान आहे.

खरी मेख एका पात्यात आहे. कयाकच्या वल्ह्याला दोन्हीकडे पाती असतात, डावं-उजवं आलटून पालटून मारलं की नाव सरळ जाते. कनूचं वल्हं एका बाजूला. उजवीकडे मारलं की नाव डावीकडे वळणार, हा तिचा धर्म. सरळ जायचं तर प्रत्येक फटक्याच्या शेवटी तो धर्म मोडावा लागतो. पातं मागे पोचलं की मनगट फिरवून अंगठा खाली आणायचा आणि पाण्याला हलकेच बाहेर लोटायचं. याला जे-स्ट्रोक म्हणतात. खळाळात त्यालाही सवड नसते, मग पातं नावेच्या कडेला टेकवून तरफेसारखा एक झटका द्यायचा. या बारीक दुरुस्तीतच निम्मी शक्ती जाते. पण तिच्यामुळेच कनूवाल्याला पाण्याचा हात लागतो. कयाकवाला दहा फटक्यांत एखादा हुकला तरी चालवून घेतो. इथे प्रत्येक फटका मुद्दाम मारावा लागतो.

नियम असा की हात बदलायचा नाही. उजव्या हाताचा माणूस आयुष्यभर उजव्या हाताचाच राहतो. डावीकडे पातं घालायची वेळ आली तर पकड न सोडता कमरेपासून अख्खं धड फिरवून वल्हं नावेवरून पलीकडे न्यायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हे सोवळं पाळल्यासारखं वाटलं. कारण मात्र अगदी व्यवहारी आहे. हात बदलण्याच्या त्या अर्ध्या क्षणात वल्हं हवेत असतं, आणि खळाळात वल्हं हा माणसाचा तिसरा पाय. पातं पाण्यात असेपर्यंत त्याच्यावर भार टाकता येतो. बाहेर आलं की तुम्ही नुसते एका गोल तळाच्या भांड्यात बसलेले.

पाण्यात रोवलेल्या पात्याभोवती अख्खी नाव फिरवायची ही एकपाती नावेतली सवय पुढे कयाकवाल्यांनीही उचलली. १९५३ साली इटलीतल्या मेरानोला स्लॅलमची, म्हणजे पाण्यावर टांगलेल्या फाटकांमधून नाव काढायच्या शर्यतीची, जागतिक स्पर्धा झाली. तिथे मिलो डुफेक नावाचा चेक खेळाडू कयाकमध्ये बसून पातं पाण्यात उभं रोवायचा, त्याच्यावर अंग टाकायचा आणि नावेला स्वतःभोवती फिरू द्यायचा. तोवर कयाक फिरवायची म्हणजे मागच्या बाजूने पाणी रेटायचं आणि वेग गमवायचा, अशी रीत होती. त्या स्पर्धेनंतर डुफेक साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात परत गेला नाही, स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला. त्याचं नाव त्या फटक्याला चिकटलं ते कायमचं.

आता एडीबद्दल. हा शब्द आपल्या कुंडलिकेवरचे, कोलाडचे राफ्टवाले गाइडही वापरतात, म्हणून तोच ठेवते. प्रवाहात मोठा धोंडा असला की पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी वळसा घालून पुढे जातं. धोंड्याच्या पाठीमागे पोकळी राहते आणि ती भरायला खालचं पाणी उलटं, वरच्या दिशेला येतं. ही एडी. दोन हातांवर नदी गर्जत धावते आहे आणि इथे मात्र नाव निवांत उभी राहते, उलट धोंड्याकडे हळूच ढकलली जाते. कनूवाल्याची नदी म्हणजे अशा जागांची माळ. वरून खालपर्यंत एका दमात जायचंच नसतं. एका एडीतून निघायचं, चार फटके मारायचे, पुढच्या एडीत शिरायचं, पाणी उपसायचं, खाली काय आहे ते मान उंचावून पाहायचं आणि मग पुढचं ठरवायचं.

शिरणं आणि निघणं हेच अवघड. धावतं पाणी आणि उलटं पाणी यांच्यामध्ये एक रेघ असते, डोळ्यांना स्पष्ट दिसते; तिच्यावर बारीक भोवरे फिरत असतात. नाव रेघ ओलांडते तेव्हा पुढचं टोक एका दिशेच्या पाण्यात असतं आणि मागचं दुसऱ्या, त्यामुळे ती गरकन वळते. त्या क्षणी वळणाच्या आतल्या बाजूला कलायचं. एडीतून बाहेर पडताना याचा अर्थ होतो खालच्या बाजूला कलणं, म्हणजे जिकडे पाणी ओढून नेतंय नेमकं तिकडेच. शरीर कडकडून विरोध करतं. भ्यालेला माणूस वरच्या बाजूला रेलतो, प्रवाहापासून लांब. झालं, तिकडची कड खाली जाते, धावतं पाणी तिच्यावर चढतं आणि नाव भरते किंवा पालथी होते. शिकवणारे हे हजार वेळा सांगतात. ऐकून कळत नाही. पाणी दोनचारदा कडेवरून आत आलं की गुडघ्यांना कळतं, आणि एकदा गुडघ्यांना कळलं की डोक्याची गरज उरत नाही.

आणि एक युक्ती, जी मला सगळ्यांत जास्त आवडते. नावेचं तोंड वरच्या दिशेला, जरासा कोन देऊन, हळूहळू वल्हवत राहायचं. नाव खाली वाहत नाही, वरही जात नाही, नदीच्या आडवी पलीकडे सरकते. काम बहुतेक सगळं पाणीच करतं, माणसाने फक्त कोन सांभाळायचा. कोन जास्त झाला की नाव खाली ओढली जाते, कमी झाला की जागच्या जागी उभी. पूल नव्हते तेव्हा आपल्याकडच्या तरीवरचे नावाडीही काठाकाठाने वर जाऊन, प्रवाहाला तिरकं तोंड देऊनच पलीकडे पोचत. त्यांना हे कुठल्या शिबिरात शिकवावं लागत नव्हतं.

दोघांच्या कनूला इथे घटस्फोटाची नाव म्हणतात. विनोद जुनाच आहे, आणि शनिवारी नान्टाहालाच्या काठावर तासभर उभं राहिलं तर तो विनोद राहत नाही. पुढे बसणाऱ्याला धोंडा आधी दिसतो पण नाव मुख्यतः मागच्याच्या हातात असते. मागच्याला नाव वळवता येते पण समोर जोडीदाराची पाठ असते. सगळा संवाद पाण्याच्या गर्जनेत, तोही पाठमोरा.

“धोंडा!”

“कुठे?”

“अरे, समोर!”

“समोर तू आहेस.”

नवरा आणि मी एका नावेत बरीच वर्षं काढली. त्यातून निघालेला तोडगा असा की बोलायचंच नाही. पुढच्याने धोंडा दिसला की सूचना न देता सरळ आपलं पातं घालून टोक खेचून घ्यायचं. मागच्याने ते टोक गेलं तिकडे आपली बाजू नेऊन नाव समांतर करायची. ‘डावीकडे’ म्हणजे धोंडा डावीकडे की नाव डावीकडे न्यायची, हा वाद त्यामुळे मुळातच मिटतो. पुढचा माणूस धोरण ठरवतो आणि मागचा ते निभावून नेतो. लग्नाला हा नियम लावून पाहिला, चालला नाही.

नावा कशाच्या बनवल्या हा या लोकांचा दुसरा जिव्हाळ्याचा विषय, आणि तिथे मीही रेंगाळते. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी भूर्जाच्या सालीची कनू घडवली. देवदाराच्या चिपांच्या फासळ्या, मुळांची शिवण, सांध्यांना राळ. दोन माणसांनी उचलून पुढच्या पाण्यापर्यंत न्यावी इतकी हलकी, आणि फाटली तर काठावरच्या जंगलातच दुरुस्तीचं सामान. गोऱ्यांनी हाच आकार घेऊन सालीच्या जागी कॅनव्हास ताणला. कॅनडातले चित्रपटकार बिल मेसन त्यांच्या लाल रंगाच्या सोळा फुटी चेस्टनट प्रॉस्पेक्टरमधून रॅपिड उतरायचे. ती नाव लाकडाची आणि कॅनव्हासची. १९८० साली आलेलं त्यांचं ‘पाथ ऑफ द पॅडल’ हे पुस्तक अजून कनू शिकणाऱ्यांच्या घरी असतं. त्यांच्या चित्रफितींत नजरेत भरतो तो त्यांचा निवांतपणा. भोवती पाणी उकळतंय आणि हा माणूस वल्हं जेमतेम हलवतोय.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ग्रुमन या विमानं बांधणाऱ्या कंपनीतल्या एका अधिकाऱ्याला, विल्यम हॉफमन यांना, डोंगरातून जड लाकडी कनू खांद्यावर वाहून नेताना वैताग आला आणि त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची कनू बनवायचं मनावर घेतलं. युद्ध संपलं, विमानांची मागणी आटली, पत्रा होता, रिव्हेट मारणारे हात होते. ग्रुमनच्या कनू अमेरिकाभर पसरल्या. पण अ‍ॅल्युमिनियमची एक खोड आहे, ते धोंड्याला चिकटून बसतं, घसरत नाही. आणि मग पाणी तिला धोंड्याभोवती गुंडाळतं.

मग आलं रॉयलेक्स. मध्ये फेस आणि दोन्हीकडे एबीएस प्लॅस्टिकचे थर असा हा पत्रा. धोंड्यावरून घसरायचा, वाकला तर परत आकार धरायचा. धोंड्याभोवती दुमडलेली नाव सोडवून उन्हात ठेवून आतून लाथा घातल्या की ती पुन्हा नाव व्हायची. १९७० च्या दशकापासून खळाळातली उघडी कनू वाढली ती या पत्र्यावर. नावा बनवणारे कारखाने अनेक होते, पत्रा बनवणारा मात्र एकच. २०१३ मध्ये तो व्यवसाय दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला आणि नव्या मालकांनी रॉयलेक्स बंद करायचं ठरवलं. धंद्याच्या मानाने फार लहान गिऱ्हाईक, त्यांचा हिशेब बरोबरच असेल. इकडे मात्र लोकांनी जुन्या नावा जिवापाड जपायला सुरुवात केली. पुढे क्वेबेकच्या एस्किफ कंपनीने तशाच जातीचा टी-फॉर्मेक्स काढला आणि सुतक थोडं हललं. तरी कुणाच्या गॅरेजमध्ये न वापरलेली रॉयलेक्सची नाव आहे ही बातमी अजूनही कुजबुजत सांगतात.

या भागातल्या नद्यांवर गर्दी लोटली ती एका चित्रपटामुळे. ‘डिलिव्हरन्स’ १९७२ साली आला. त्यात शहरातले चार गडी कनू घेऊन धरणाखाली जाणार असलेल्या नदीत उतरतात आणि त्यांच्यावर काय काय ओढवतं याची ती भयंकर गोष्ट आहे. चित्रीकरण चट्टूगावर झालं. ते पाहून कुणी नदीपासून दूर राहील असं वाटावं, पण झालं उलटंच. पोरं ट्रकच्या टायरांच्या ट्यूब घेऊन, लाइफ जॅकेटशिवाय चट्टूगात उतरू लागली आणि बुडूही लागली. १९७४ मध्ये चट्टूगाला कायद्याचं संरक्षण मिळालं, त्यामुळे तिच्यावर धरण होणार नाही. त्याच १९७२ साली नान्टाहालाच्या काठी पेसन आणि ऑरेलिया केनेडी यांनी होरेस होल्डन यांच्यासोबत नान्टाहाला आउटडोअर सेंटर सुरू केलं. पेट्रोल पंपालगतचं एक मोटेल, एवढ्यावर सुरू झालेली ही जागा पुढे खळाळातल्या नौकानयनाची गुरुकुलासारखी शाळा झाली.

त्या शाळेच्या छायेत तयार झालेला रिवाज आजही टिकून आहे. सकाळी एक गाडी खालच्या टोकाला ठेवायची, दुसरीतून सगळ्यांनी वर यायचं. कुणी पाण्यात पडलं तर आपलं सगळं सोडून आधी माणूस, मग नाव, मग वल्हं. पिशवीत गुंडाळलेली दोरी प्रत्येकाकडे. पडणाऱ्याने संध्याकाळी आपल्याच ओल्या बुटातून बिअर प्यायची असाही एक प्रकार आहे. मी तो पाहिला आहे आणि ज्यांनी केला त्यांच्याबद्दल आदर बाळगून आहे. उघड्या कनूवाल्यांत केस पांढरे झालेलेच जास्त. तरुण कयाककडे जातात, आणि हेल्मेटवर कॅमेरा लावतात. कॅमेऱ्याला कोरडी नाव आवडत नाही, त्यात काही घडतच नाही. माझ्या मते या खेळाचं सर्वांत मोठं नुकसान त्या कॅमेऱ्याने केलं आहे. आपण उतरलेल्या रेषेत काहीही न घडणं हीच जिथे कमाल, तिथे दाखवायचं काय?

नान्टाहालाचं पाणी उन्हाळ्यातही हाडं गोठवतं. ते धरणाच्या तलावाच्या खोलातून बोगद्या-नळांमधून वीजघरात येतं आणि तिथून नदीत पडतं. सकाळच्या दमट हवेत त्यावर धुक्याची चादर पसरलेली असते. हे धरण १९४२ चं. युद्धासाठी अ‍ॅल्युमिनियम हवं होतं, अ‍ॅल्युमिनियमला वीज हवी होती. म्हणजे ज्या धातूची पुढे कनू झाली त्याच धातूसाठी ही नदी अडवली गेली. आज ती जनित्रांच्या वेळापत्रकावर वाहते. वीजघर चालू असेल तर रॅपिड, बंद असेल तर गोटे. शेजारच्या ओकोईची कथा त्याहून विचित्र. तिचं पाणी अनेक दशकं लाकडी कालव्यातून वीजघराकडे जायचं आणि पात्र कोरडं राहायचं. १९७६ मध्ये कालवा नादुरुस्त झाला, पाणी पात्रात आलं, वल्हेकरी धावत आले. कालवा दुरुस्त झाल्यावर पाणी परत मागायची वेळ आली तेव्हा भांडण झालं. १९८० च्या दशकात ठरावीक दिवशी पाणी सोडायचं आणि त्या दिवशी बुडणाऱ्या विजेची भरपाई द्यायची, असा करार ठरला. त्याच नदीच्या वरच्या टप्प्यात १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकची स्लॅलम स्पर्धा झाली.

हे सगळं ऐकताना महाराष्ट्रातल्या माणसाला कुंडलिका आठवल्याशिवाय राहत नाही. कोलाडला सकाळी राफ्टिंगला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना ज्या पाण्यावर उड्या मारायला मिळतात ते पाणी मुळचं कुंडलिकेचं नाही. ते मुळशीच्या तलावातलं, सह्याद्रीच्या पलीकडून पूर्वेला भीमेकडे जाणारं. टाटांच्या योजनेत ते घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सुमारे ५०० मीटर कोसळवलं गेलं, १९२७ पासून. त्या तलावाखाली जी गावं गेली त्यांच्यासाठी सेनापती बापट आणि मुळशी खोऱ्यातले मावळे १९२१ पासून लढले, आणि हरले. खेळाच्या आनंदात हे आठवत बसावं असं मी म्हणत नाही. पण नदीत उतरणाऱ्याला ती कुठून येते आणि कुणाच्या हुकमाने येते, हे ठाऊक असावं. वीजघर बंद की कोलाडचा खळाळही बंद.

कोलाडचं मला खटकतं ते वेगळंच. तिथे दर सुट्टीला माणसं राफ्टमध्ये बसतात, गाइड सांगेल तेव्हा वल्हं मारतात, आरोळ्या ठोकतात, भिजतात आणि मिसळ खायला जातात. मजा येते, नाही असं नाही. पण पाणी वाचायला त्यातल्या फार थोड्यांना कुणी शिकवतं. देशात हे शिकणारी पोरं आहेत. नर्मदेत महेश्वरला, अहिल्याबाईंच्या या राजधानीच्या अगदी जवळ, सहस्रधारेच्या काळ्या खडकांतून पाणी अनेक धारांनी फुटतं. तिथे कनू स्लॅलमच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या स्पर्धेतही हा खेळ तिथेच झाला. एकपाती कनूत स्त्रियांना ऑलिम्पिकचं दार उघडलं ते टोकियोला. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला त्या प्रकारात कांस्यपदक मिळवणारी एव्ही लीबफार्थ नान्टाहालाच्याच जवळच्या ब्रायसन सिटीत वाढली. एक वीजघर, एक शाळा आणि रोज हाताशी असलेला बेताचा खळाळ, इतक्यावर तिची पायाभरणी झाली. कुंडलिकेकडे यातल्या दोन गोष्टी आहेत. तिसरीची वाट कुणी तरी पाहायचं थांबवलं पाहिजे.

तोवर वाचकांना एवढंच मागणं. पुढच्या वेळी कोलाडला गेलात तर गाइडला सांगून एखाद्या एडीत राफ्ट थांबवा, पाच मिनिटं गप्प बसा आणि धोंड्यामागचं पाणी उलटं येताना बघा. लाइफ जॅकेटचे बंद छातीशी घट्ट आवळलेले आहेत ना, ते दुसऱ्याकडून ओढून तपासून घ्या. आणि वाहत्या पाण्यात पडलात तर काहीही झालं तरी उभं राहायचा प्रयत्न करू नका. धोंड्यांच्या फटीत पाय अडकला तर कमरेएवढं पाणीही माणसाला आडवं दाबून धरतं. पाठीवर व्हा, पाय खालच्या दिशेला आणि पाण्याच्या वर, हातांनी तिरकं काठाकडे सरका, आणि पाणी गुडघ्याच्या खाली येईपर्यंत पाय टेकवू नका.